३३० अंश : ‘लेडी बी गुड’साठी बांधलेला लूप अँटेना (प्रकल्प नोंदी)

७ जानेवारी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक मांडणी करून द्यायची आहे. विषय मीच सुचवला : अमेरिकेच्या हवाई दलाचं बी-२४डी जातीचं ‘लेडी बी गुड’ हे बॉम्बर विमान. ४ एप्रिल १९४३ ला ते लिबियातल्या सुलूक तळावरून नेपल्सच्या बंदरावर हल्ल्यासाठी उडालं आणि परत आलंच नाही. नऊ जणांचा ताफा, सगळ्यांची पहिलीच मोहीम. विमान समुद्रात पडलं असं धरून फाइल बंद झाली. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना ते वाळवंटात आतवर, बेनगाझीच्या किनाऱ्यापासून जवळजवळ ७०० किलोमीटरवर, आकाशातून दिसलं. पुढच्या वर्षी माणसं तिथे पोचली. विमान मधोमध तुटलेलं, पण आतला रेडिओ चालू, मशिनगन चालू, थर्मासमधलं पेय पिण्याजोगं. माणूस एकही नाही.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट भुताटकीच्या सुरात सांगतात. मला ती तशी सांगायची नाही. त्या रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी पायलट हॅटनने बेनगाझीजवळच्या बेनिनाच्या रेडिओ केंद्राकडे दिशा मागितली, कारण विमानातलं दिशादर्शक यंत्र चालत नव्हतं. केंद्राने उत्तर दिलं : ३३० अंश (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेले). म्हणजे विमान केंद्राच्या वायव्येला, अजून समुद्रावर. ते आधीसारखेच आग्नेयेकडे उडत राहिले. प्रत्यक्षात किनारा मागे पडलेला होता.

मुलांना हे फळ्यावर सांगून पटणार नाही. जमिनीवरच्या यंत्राला पुढचं आणि मागचं का कळलं नाही, हे त्यांनी स्वतःच्या हाताने यंत्र फिरवून बघायला हवं. म्हणून लूप अँटेना, म्हणजे चौकटीवर तारेचे वेढे गुंडाळलेला अँटेना, बांधतो आहे. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्‌झवर तो चालवायचा, प्रक्षेपक हडपसरला.

१३ जानेवारी

सामान आणलं. तपकीर गल्लीत इनॅमलची तांब्याची तार आणि १० के चे प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारे छोटे रेझिस्टर) मिळाले. गँग कंडेन्सर, म्हणजे दांडी फिरवून स्टेशन लावायचा पत्र्यांचा कंडेन्सर, मात्र नवा कुठेच मिळेना. हल्ली रेडिओत तो लागत नाही. शेवटी जुन्या बाजारात एक मेलेला रेडिओ ऐंशी रुपयांना घेतला आणि त्यातला गँग काढला. घेण्याआधी दांडी पूर्ण फिरवून बघा. पत्रे एकमेकांना घासत असतील तर कानाला करकर ऐकू येते. तसा गँग घेऊ नये.

लाकडी पट्ट्यांची फुली केली, टोकांवर करवतीने खाचा पाडल्या आणि ६० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनावर तारेचे दहा वेढे गुंडाळले, दोन वेढ्यांत साधारण सेंटिमीटरभर अंतर. गँग समांतर जोडला. ७९२ ला तो अर्ध्याच्या जवळपास उघडा असताना लागतो. तार मात्र दोनदा गुंडाळावी लागली. दुकानातून मागितल्यापेक्षा बारीक गेज आली होती, ती ताणताना तुटली. तार घेताना जुन्या तारेचा तुकडा शेजारी धरून बघावा.

आतापर्यंतचा खर्च सातशेच्या घरात, त्यातली निम्मी रक्कम तारेची.

२१ जानेवारी

गच्चीवर पहिली चाचणी. लूपची कड स्टेशनकडे केली की आवाज चढतो, तोंड स्टेशनकडे केलं की पडतो. दिशा काढायची ती आवाज पडतो त्या जागेवरून. चढलेला आवाज वीस-तीस अंश फिरवलं तरी तेवढाच वाटतो, पडणारा मात्र पाच-दहा अंशांतच लक्षात येतो.

गच्चीवर तो पडलाच नाही, नुसता थोडा मंद झाला, आणि तोही भलत्या दिशेला. कारणं दोन निघाली.

एक, लोखंडी कठडा, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारा. हे सगळंच अँटेनाचं काम करतं. इमारतीत दिशा मोजायचा नाद सोडून द्यावा.

दोन, लूपच्या शेजारी ठेवलेला ट्रान्झिस्टर. त्याच्या आत फेराइटचा रॉड असतो, तोही स्वतः लहरी पकडतो. लूपने आवाज पाडला तरी रॉड तो भरून काढतो. रेडिओ उघडला, रॉडवरची दुय्यम कॉइल सोडवली, तिच्या जागी लूपच्या चौकटीवर घेतलेला एक सुटा वेढा जोडला आणि अख्खा रेडिओ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातला. आता त्याच्यापर्यंत लहर फक्त लूपमधूनच जाते.

२८ जानेवारी

सासवडजवळचा उघडा माळ. सकाळची वेळ, वर फक्त घारी. नकाशावरून जागा मुद्दाम अशी निवडली की तिथून हडपसर ३३० अंशांच्या जवळ यावं. हाताखाली अंशांचा कागदी चकती-डायल, शेजारी होकायंत्र. पुण्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक अंशाच्याही आत आहे, तो सोडून दिला तरी चालतो.

आवाज पडला, पण दोन्ही बाजूंना सारखा पडेना. एकीकडे ३३५ ला, दुसरीकडे १४० ला. एकमेकांसमोर १८० अंशांवर यायला हवेत ते आले नाहीत. लूपची तार उंच खांबासारखीही थोडं काम करते, तेवढाच हा घोटाळा. उपाय म्हणजे वेढ्यांवर आवरण. घरी आल्यावर वेढे विजेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवले आणि वर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळला.

हा बदल करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट वाचावी. कागद चौकटीभर सलग गुंडाळला की सगळं मरतं. स्टेशनच नाही. बंद कडं तयार होतं आणि तेच सगळी लहर खाऊन टाकतं. वरच्या बाजूला मधोमध दोन सेंटिमीटरची फट ठेवावीच लागते. ती कापल्याबरोबर स्टेशन परत आलं. आवरणामुळे ट्यूनिंग खाली सरकलं होतं, म्हणून दोन वेढे काढून टाकले. हे सगळं समजायला अख्खा रविवार गेला.

४ फेब्रुवारी

ज्यासाठी खटाटोप केला ते आज जमलं.

पहाटे सासवडच्या माळावर डायल लावला. आवाज पडला ३३१ ला आणि १५१ ला. दोन्हीकडे सारखाच, कुठलाही भेद न करता. मग यंत्र गाडीत टाकलं आणि हडपसर ओलांडून पार मोशीच्या पुढे इंद्रायणीकाठच्या मोकळ्या रानात गेलो. म्हणजे प्रक्षेपकाच्या बरोबर दुसऱ्या अंगाला. तिथून हडपसर आग्नेयेला. डायल लावला : ३३३ आणि १५३.

एकदा स्टेशन माझ्या वायव्येला, एकदा आग्नेयेला. मधे चाळीस किलोमीटर. यंत्र मात्र दोन्ही ठिकाणी जवळपास तेच दोन आकडे दाखवतं. डोळे बांधून कुणी मला यातल्या एका जागी उभं केलं असतं तर नुसत्या लूपवरून मी पुण्याच्या कुठल्या अंगाला आहे ते मला सांगता आलं नसतं.

बेनिनाच्या माणसाने दिलेला आकडा रेघ म्हणून चूक नव्हता. रेघेची दोन टोकं असतात, आणि विमान त्या वेळी समुद्रावरच असणार ही त्या रात्री सगळ्यांची समजूत होती. म्हणून समुद्राकडचं टोक खरं धरलं गेलं.

१० फेब्रुवारी, रात्र

त्यांनी दिशा मागितली मध्यरात्री, म्हणून एक चाचणी रात्रीची. माळावर शेतकरी दादांची परवानगी आधीच घेऊन ठेवली होती. बॅटरीच्या उजेडात रानात चौकट फिरवणारा माणूस बघून कुणीही हटकेल, तेव्हा हे आधी करावं.

हडपसर जवळ असल्यामुळे त्याच्यात फार फरक नाही. मुंबईची १०४४ लावली तेव्हा मात्र आवाज पडण्याची जागा सरकायला लागली. दुपारी एका जागी स्थिर असलेली, रात्री दहा-पंधरा अंश इकडे, मग तिकडे, मधेच नाहीशी. रात्री लहरी वरच्या वातावरणातून परतूनही येतात, जमिनीलगतच्या लहरींत मिसळतात, आणि लूप गोंधळतो. प्रदर्शनात चाचणी दिवसाच ठेवायची.

१८ फेब्रुवारी

नकाशाचं काम. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मुलांनाही शिकवता येईल. बेनिना ठेवलं ३२.१० उत्तर, २०.२७ पूर्व. विमानाचे अवशेष जवळपास २६.७१ उत्तर, २४.०२ पूर्व. बेनिनाहून ३३० ची रेघ समुद्राकडे काढली आणि तीच उलटी, १५० अंशांनी, वाळवंटात नेली.

रेघ अवशेषांपासून साठेक किलोमीटर लांब गेली. तपासलं तर घोळ प्रक्षेपणाचा. अक्षांश-रेखांश सरळ चौकटीच्या कागदावर घेतले की तिथे कोन खरे राहत नाहीत. त्या भागात एक रेखांश एका अक्षांशापेक्षा बराच आखूड असतो, तरी कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. बेनिना केंद्रस्थानी धरून अॅझिम्युथल इक्विडिस्टंट प्रक्षेपण बनवलं. त्यात केंद्रापासूनचं अंतर आणि कोन दोन्ही खरे राहतात. आता तीच १५० ची रेघ अवशेषांच्या पंचवीसेक किलोमीटरवरून जाते, आणि तेही ७०० किलोमीटरवर. जेमतेम दोन अंशांचा फरक.

मला हे बघून बसल्या जागी गलबलून आलं. रात्री बारानंतर दिलेला एक आकडा, आणि त्याची उलटी रेघ पंधरा वर्षांनी जिथे विमान सापडलं तिथे जाऊन पोचते.

१९ फेब्रुवारी

कालचं डोक्यातून जाईना, म्हणून वेळेचा हिशेब केला. ताफ्याने विमानातून उड्या मारल्या रात्री दोनच्या सुमारास. म्हणजे दिशा मिळाल्यावर पावणेदोन तासांहून थोडं जास्त. रिकामं विमान त्यानंतर साधारण २६ किलोमीटर जाऊन पोटावर उतरलं, म्हणजे उड्या मारल्या ती जागा बेनिनाहून ६७५ किलोमीटरच्या आसपास. बी-२४ चा नेहमीचा वेग ताशी ३४६ किलोमीटर. या वेगाने तेवढ्या वेळात ६२० किलोमीटर होतात. म्हणजे दिशा मागितली तेव्हा विमान बेनिनाच्या पलीकडे, वाळवंटाच्या बाजूला, पन्नासेक किलोमीटर गेलेलं असावं. पाठीवर वारा असेल तर आकडा हलेल. पण ते तेव्हा समुद्रावर शंभर किलोमीटर मागे असते, तर ताशी सव्वाचारशेहून जास्त वेग लागला असता. पेट्रोल संपत आलेल्या बी-२४ ला ते जमणार नाही. माझं मत पक्कं झालं : ३३० ही उलटी दिशा होती.

तळावर विमानाचा आवाज ऐकू आला म्हणून फ्लेअर सोडले गेले. ते त्यांना दिसले नाहीत.

२५ फेब्रुवारी

ताफ्याचा पायी प्रवास नकाशावर घालतो आहे. हे काम हळू चाललं आहे आणि मला ते हळूच करायचं आहे.

आठ जण जमिनीवर एकत्र आले. नववा, बॉम्ब टाकणारा जॉन वोराव्हका, आलाच नाही. त्याची हवाई छत्री नीट उघडली नव्हती हे १९६० च्या ऑगस्टमध्ये त्याचा देह सापडल्यावर कळलं. सहवैमानिक रॉबर्ट टोनरने खिशातल्या छोट्या डायरीत रोज दोन-तीन ओळी लिहिल्या. पाण्याची एकच बाटली, तीही अर्धी. माणशी दिवसाला एक झाकणभर पाणी. दिवसा ऊन, रात्री थंडी इतकी की झोप नाही.

समुद्र जवळ आहे असं समजून ते वायव्येला चालले. उड्या मारल्या तिथून जवळचा किनाराही पाचशे किलोमीटरहून लांब होता. विमान मात्र २६ किलोमीटरवर, पण बरोबर उलट्या दिशेला. त्यात पाणी, खाणं आणि चालू रेडिओ. ते कुठे पडलं हे त्यांना कळायला काहीच मार्ग नव्हता. ‘विमानाकडे का गेले नाहीत’ असं मुलं विचारतील, आणि उत्तर नकाशावरच दिसायला हवं, म्हणून विमानाचा ठिपका करड्या रंगात ठेवला आहे आणि त्यांना माहीत असलेल्या गोष्टी फक्त काळ्या रंगात.

वाटेत त्यांनी बूट आणि छत्र्यांच्या पट्ट्या दगडांखाली दाबून बाणांसारख्या खुणा ठेवल्या, मागून येणाऱ्यांसाठी. १९५९ च्या शोधपथकाला त्या खुणा सापडल्या, माणसं नाही. ११ फेब्रुवारी १९६० ला तेल कंपनीच्या लोकांना पाच जण एकत्र सापडले : हॅटन, टोनर, हेज, लामॉट, अॅडम्स. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून आलेले, तेही झाकणभर पाण्यावर. शेली, रिप्सलिंगर आणि मूर हे तिघे ९ एप्रिलला मदत आणायला पुढे गेले होते. शेली आणि रिप्सलिंगर १९६० च्या मे महिन्यात सापडले, दोघेही त्या पाचांपासून तीस किलोमीटरहून पुढे. व्हर्नन मूर सापडलेला नाही. टोनरची शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे.

३ मार्च

दोन टोकांतलं खरं कुठलं हे ओळखायचे दोन उपाय करून बघितले.

पहिला, शेजारी उभी तार. बांबूला दोन मीटर तार बांधली, १० के च्या प्रीसेटमधून सुट्या वेढ्याला जोडली, मधे एक बटण. उभी तार सगळीकडून सारखं पकडते, लूप एका बाजूने सुलट आणि दुसऱ्या बाजूने उलट. दोन्ही मिसळले की एका अंगाला आवाज चढतो, दुसऱ्या अंगाला कापला जातो. आधी बटण न दाबता आवाज पडण्याची जागा शोधायची, मग लूप ९० अंश वळवून बटण दाबायचं, मग १८० अंश फिरवून परत. जिथे मोठा ऐकू येतो ती बाजू खरी. प्रीसेट पाव फिरवलेल्या जागी सगळ्यांत जास्त फरक मिळाला. पूर्ण उघडला की उभी तारच सगळं बुडवते.

सुट्या वेढ्याच्या दोन वायरी उलट लागल्या तर हेच यंत्र अगदी ठामपणे उलटं सांगतं. म्हणून माहीत असलेल्या स्टेशनवर एकदा ताडून लूपच्या खऱ्या बाजूला लाल रंग मारावा आणि वायरी सोल्डर कराव्यात. मगरचिमटे इथे वापरू नयेत.

दुसऱ्या उपायाला काहीच सामान लागत नाही. सासवडच्या माळावरून ३३० ला काटकोनात, म्हणजे ६० अंशांच्या बाजूला, तीनेक किलोमीटर गेलो आणि पुन्हा मोजलं. रेघ ३३१ वरून ३२२ वर आली. आकडा घटला, म्हणजे स्टेशन ३३० च्याच टोकाला. ते १५० च्या टोकाला असतं तर आकडा वाढून ३३९ च्या जवळ गेला असता. मोशीच्या बाजूला हेच केलं, तिथे वाढला.

विमानासाठी हा हिशेब केला : बेनिनाच्या पलीकडे पन्नास किलोमीटरवरून दहा मिनिटं काटकोनात उडालं असतं आणि पुन्हा दिशा मागितली असती, तर रेघ पन्नास अंशांच्या आसपास हलली असती. कुठल्या बाजूला हलली यावरून टोक कळलं असतं. पेट्रोल अजून दोन तासांचं होतं. हे लिहितो ते त्यांना दोष द्यायला नाही. पहिली मोहीम, रात्र, वाळूचं वादळ झेललेलं विमान, बिघडलेलं यंत्र, आणि केंद्रावरून आलेला स्पष्ट आकडा. त्या आकड्यावर शंका घ्यायचं त्यांना कारणच नव्हतं. पण डोंगरात, समुद्रात दिशा काढायला शिकणाऱ्या मुलांना ही युक्ती माहीत असायला हवी.

१० मार्च

मांडणी शाळेत लावली. लूप टेबलावर, डायल खाली, नकाशा भिंतीवर. शाळेच्या लोखंडी खिडक्यांनी अपेक्षेप्रमाणे गोंधळ घातला, म्हणून टेबल मैदानात हलवलं. आठवीतल्या एका मुलीने लूप फिरवला, दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाली, “काका, मग यातलं खरं कुठलं?” मी तिच्या हातात बटण दिलं.

नकाशाच्या डाव्या अंगाला नऊ नावं मोठ्या अक्षरांत आहेत : विल्यम हॅटन, रॉबर्ट टोनर, डी. पी. हेज, जॉन वोराव्हका, हॅरोल्ड रिप्सलिंगर, रॉबर्ट लामॉट, गाय शेली, व्हर्नन मूर, सॅम्युअल अॅडम्स. प्रत्येकाच्या नावापुढे तो सापडल्याचं वर्ष. मूरच्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे.

एकूण खर्च अठराशेच्या आत, पेट्रोल सोडून. पुढच्या वेळी तार जाड घ्यायची, चौकट पीव्हीसी पाइपची करायची म्हणजे आवरण नीट बसेल, आणि डायल लॅमिनेट करायचा. सकाळच्या दवाने कागद फुगतो आणि मग अंश वाचता येत नाहीत.